नाव घातलेला माल

भिंगारच्या बाजारात स्वतःचं दुकान काढायचं नबीलालने ठरवलं तेव्हा त्याच्याकडे एक कातर, पत्रा ठोकायच्या दोन मोगऱ्या, अठरा वर्षांचा अनुभव आणि राधाकृष्णअण्णांचा शेजार एवढं भांडवल होतं. यातल्या पहिल्या तीन गोष्टींनी त्याला कधी दगा दिला नाही.

अठरा वर्षं तो नगरात झेंडीगेटाजवळ दिलावर उस्तादांच्या दुकानात पत्र्याच्या पेट्या ठोकत होता. पेटी नबीलाल करायचा आणि झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात चंद्राचा शिक्का बसायचा उस्तादांचा. लोक चंद्र बघून पेटी घ्यायचे. शरिफा, त्याची बायको, म्हणायची, "अर्ध्या जिल्ह्याच्या नवऱ्या तुमची पेटी घेऊन सासरी गेल्या, आन् नाव उस्तादाचं." असल्या एका वाक्यावर माणूस अठरा वर्षं गप्प बसू शकतो, एकोणिसाव्या वर्षी ते टोचायला लागतं.

उस्तादांनी त्याला अडवलं नाही. पान चघळत ते एवढंच म्हणाले, "जा नब्या. तुझं पोतं इथंच ठेवतो अंथरून."

नबीलाल ज्या गोणपाटावर बसून काम करायचा ते त्यांनी खरंच उचललं नाही. नगरात पत्रा आणायला गेलं की जाता येता त्याला ते दिसायचं. रिकामं, रोज झटकून ठेवलेलं. त्यापेक्षा उस्तादांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. परत त्या पोत्यावर बसायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्याने मनाशी पक्की केली होती. बाकी धंद्याचं त्याला काही कळत नव्हतं.

ती उणीव राधाकृष्णअण्णा भरून काढणार होते. अण्णा कुठल्याशा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून पेन्शनीत निघाले होते. धंद्याचा त्यांना अनुभव होता. त्यांनी एकदा स्टोव्हची एजन्सी घेतली होती आणि ती चार महिन्यांत बुडाली होती. अण्णा मात्र 'बुडाली' म्हणत नसत, 'त्यातून शिकलो' म्हणत. जे शिकले ते त्यांनी एका लांबट वहीत कलमवार उतरवून ठेवलं होतं, आणि ते ज्ञान ज्याच्यावर वापरता येईल असा माणूस ते बरीच वर्षं शोधत होते. दोन घरांची मधली भिंत सामाईक असल्यामुळे तो त्यांना सापडला.

"कलम पहिलं," अण्णा ओट्यावर बसून म्हणाले. "गिऱ्हाईक जिथून जातं तिथं आपण बसायचं. त्याला वळसा घालायला लावायचा नाही."

म्हणून नबीलालने दुकान छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर घेतलं. बेचाळीस साल सरत आलं होतं. लढाई जोरात होती आणि त्या रस्त्याने दिवसभर पलटणी जात येत होत्या. जागा उत्तम होती.

"कलम दुसरं. घमेली, चाळण्या, चिमण्या असलं सगळं करशील तर तू पत्र्याचा भाजीवाला होशील. एकच जिन्नस धर आणि एकच गिऱ्हाईक धर. शिपायाला पेटी लागते. त्याला कपाट नाही, फडताळ नाही, बायको जवळ नाही. त्याचं घर म्हणजे पेटी."

हेही बरोबर होतं. अण्णांच्या सल्ल्याची अडचण हीच होती की तो बरोबर असायचा. चुकीचा असता तर नबीलाल महिन्याभरात सावध झाला असता.

तिसरं कलम अण्णांनी मुद्दाम राखून ठेवलं होतं. दुकान सुरू होऊन दोन-तीन महिने झाले, शिपाई येत होते, पेटी वाजवून बघत होते, "पुढच्या पगाराला" म्हणत होते आणि पुढच्या पगाराला दुसऱ्याच दुकानातून घेत होते. तेव्हा अण्णांनी ते काढलं.

"नबीलाल, तुझ्या घरात तांब्या आहे?"

"हाय की."

"त्यावर नाव कुणाचं?"

"शरिफाचं. तिच्या आब्बांनी लग्नात घालून दिलं."

"तो तांब्या आता तांबटाकडे परत नेलास तर घेईल का तो?"

"अण्णा, नाव घातलेलं भांडं कोन परत घेतंय? मोडीत घालील."

"मग," अण्णा म्हणाले आणि वही मिटून बसले. आपला मुद्दा समोरच्याच्या डोक्यात उतरताना बघण्याचं सुख त्यांना कचेरीत कधी मिळालं नव्हतं.

मुद्दा उतरला. नाव घातलेलं भांडं परत जात नाही हे आपल्याकडे लहान पोरालासुद्धा माहीत असतं. मग पेटीवर आधीच नाव घातलं तर? गिऱ्हाईक बांधलं गेलं. शिपाई उद्या फिरला तरी त्याचं नाव दुकानात बसून राहतं. चारचौघांत त्याला ते सोडून जाता येत नाही. रंगाने नाव काढलं असतं तर पुसता आलं असतं, पण रंग लढाईमुळे मिळत नव्हता. नबीलालने तांबटासारखं केलं. पत्रा उलटा धरून टोकदार छिन्नीने आतून टिंबं ठोकायची, म्हणजे बाहेरून अक्षरं उठून दिसतात. मोत्याच्या सरीसारखी. उस्तादांच्या दुकानात हे कुणाला सुचलं नव्हतं.

पहिली अशी पेटी त्याने दुकानाच्या तोंडाशी मांडली आणि आठवड्यात कारभारी नावाचा हवालदार आला. अकोले तालुक्यातला, डोंगरातला उंच माणूस. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ह्ये आंधळ्याला बी वाचता येतंय," तो म्हणाला. "आमच्या समद्या कंपनीला कर. अठ्ठेचाळीस. नाव, नंबर, गाव."

"पैशाचं?"

"पगार हुतो त्या दिवशी माल घिऊन ये, तिथंच वाटून दिऊ. नाव घातल्याव कुनी कुटं जातंय?"

हे वाक्य नबीलालने रात्री घरी सांगितलं तेव्हा भिंतीपलीकडे अण्णा समाधानाने खाकरले म्हणतात.

पत्रा परमिटावर मिळायचा. वर्षभराचा सगळा पत्रा नबीलालने एकदम उचलला आणि कामाला बसला. पुढचे तीन महिने त्याच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. शिपाई एकेक करून नाव सांगायला यायचे आणि नावाबरोबर काहीतरी मागायचे. सूर्यभान डावखुरा, त्याला कडी डाव्या अंगाला हवी होती. गोरक्षनाथाला नावाखाली पोपट. बन्सीला गावाचं नाव स्वतःच्या नावापेक्षा मोठं हवं होतं; का, तर गावात कुणी त्याला मोजत नव्हतं, आता मोजतील. पाथर्डीकडच्या गहिनीनाथाने पेटीच्या तळाशी चोरकप्पा मागितला.

"काय ठिवनार?" नबीलालने विचारलं.

"घरची पत्रं."

"वाचता येतं?"

"न्हाई. म्हनून तर चोरकप्पा. दुसऱ्यानं वाचून दाखवलं की हसत्यात."

अण्णांच्या वहीत 'गिऱ्हाईकाला नावानिशी ओळखावे' असंही एक कलम होतं. ते पाळायला नबीलालला कष्ट पडले नाहीत. अठ्ठेचाळीस नावं टिंबाटिंबाने ठोकल्यावर ती पाठ न होणं अवघड असतं.

शेवटची पेटी पूर्ण झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी रस्ता गप्प होता. कवायतीचा आवाज नाही, बुटांचा नाही. नबीलालला वाटलं सुट्टी असेल. दुपारपर्यंत वाट बघून त्याने बैलगाडी केली, सहा पेट्या घातल्या आणि कॅम्पात नेल्या. पहारेकऱ्याने फाटकाशी अडवलं आणि आतून एका कारकुनाला बोलावलं.

"अशी कंपनी इथं नाही," कारकून म्हणाला.

"कुटं गेली साहेब?"

"गेली नाही. इथं नव्हतीच."

"काल हुती की. त्यांचा हवालदार रोज माझ्या दुकानात चहा प्यायचा."

"कोण हवालदार?"

नबीलालने पेटीकडे बोट केलं. त्यावर हवालदाराचं नाव, नंबर, कंपनी आणि गाव अशी चार ओळींची माहिती होती, आंधळ्यालाही वाचता येईल अशी. कारकुनाने ती वाचली. मग त्याचा चेहरा बदलला. तो आत गेला आणि येताना आणखी दोघांना घेऊन आला, आणि तिघांनी मिळून सहाही पेट्या वाचल्या.

आठ दिवसांनी नबीलालला छावणीतून कागद आला. अण्णांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा पुसला.

"काय लिवलंय?"

"पहिलं असं, की ही कंपनी या ठाण्यात कधी नव्हती."

"बरं."

"दुसरं असं, की नसलेल्या कंपनीच्या लोकांची नावं आणि नंबर तू भर रस्त्यावर मांडून बसला आहेस, हा गुन्हा आहे. ती ताबडतोब झाकावीत."

"जी न्हाईत ती झाकायची?"

"लढाईत फौज कुठून कुठं गेली हे गुपित असतं, नबीलाल. सरकारचंही बरोबर आहे."

"सगळ्यांचंच बरोबर हाय," नबीलाल म्हणाला. "मी काय करू ते सांगा."

अण्णांनी वही उघडली. गिऱ्हाईक मेल्यास काय करावे, हे त्यात होतं. गिऱ्हाईक शब्द फिरवू लागल्यास काय करावे, हेही होतं. गिऱ्हाईक मुळात नव्हतेच असे ठरल्यास काय करावे, हे नव्हतं. अण्णांनी त्या जागी पेन्सिलीने एक फुली केली आणि म्हणाले, "अर्ज करून बघू."

अर्ज केला. त्याला उत्तर आलं नाही. नसलेल्या माणसांबद्दलच्या अर्जाला उत्तर तरी काय येणार?

नबीलालने पेट्या गोणपाटांनी झाकल्या. मग नाव काढून टाकायचं मनावर घेतलं. एक पेटी मांडीवर घेऊन मोगरीने टिंबं सपाट करू लागला. तासाभराने नाव बाहेरून बसलं खरं, पण पत्रा ताणला जाऊन दुसऱ्या अंगाला फुगला. झाकण उघडून बघितलं तर नाव आत उठलं होतं. उलटं, पण स्पष्ट. आणखी ठोकलं तेव्हा टिंबांची भोकं झाली. कुणाची पेटी होती ते त्याने शरिफाला सांगितलं नाही. तिने झाकणाकडे बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता बाकीच्या."

मार्चअखेर दुकानाचं लायसन पुन्हा काढायचं होतं. त्यासाठी दुकान चालतं आहे हे दिसावं लागे. नवा माल करायला पत्रा नव्हता, पुढचं परमिट वर्ष उलटल्यावर. म्हणजे यातलीच एखादी पेटी तरी विकली जायला हवी होती. विकू नये असं त्या कागदात नव्हतं. फक्त दाखवू नये असं होतं. न दाखवता विकणं हे अण्णांनाही नवीन होतं. तरी ते म्हणाले, "गिऱ्हाईक बदल. शिपाई गेला तर नवरी धर. लग्नसराई आहे."

आणि खरंच एक गिऱ्हाईक आलं. देवळाली प्रवराची बनुबाई, भिंगारात बहिणीकडे आली होती. मुलीच्या लग्नाची पेटी बघत होती. नबीलालने रस्त्याकडे नजर टाकत गोणपाट वर केलं. बाईने पेटी ठोकून बघितली, कडी ओढली. खूश झाली. मग झाकणावर हात गेला.

"ह्ये काय लिवलंय?"

"नाव हाय. सूर्यभान."

"ह्यो कोन?"

"शिपाई हाय."

"आन् कुटं हाय?"

"लढाईवर आसंल."

"आसंल म्हंजे? जित्ता हाय न्हवं?"

हा प्रश्न नबीलालने स्वतःला अजून विचारला नव्हता.

"मेला आसंल तर मेल्या मानसाची पेटी माज्या पोरीला नगं," बनुबाई शांतपणे म्हणाली. "आन् जित्ता आसंल तर उद्या मागाय यील. त्याला काय सांगशील, भाऊ? जावयाला काय सांगू मी, ह्यो सूर्यभान कोन म्हनून?"

"ताई, कापड चिकटवून देतो वरून."

"कापड फाटतंय," ती म्हणाली. पुन्हा एकदा डावीकडची कडी ओढून बघितली, कारण काम चांगलं होतं, आणि गेली.

लायसनवाले साहेब एकतीस तारखेच्या आधी चार दिवस आले. दुकानात अठ्ठेचाळीस झाकलेल्या वस्तू होत्या आणि एक माणूस बसला होता.

"झाकलंय काय?"

"पेट्या."

"विकायच्या पेट्या झाकून ठेवतोस?"

"झाकायचा हुकूम हाय साहेब."

"कुणाचा?"

नबीलालने कागद दाखवला. साहेबांनी तो वाचून सन्मानाने परत केला आणि आपल्या वहीत 'दुकान बंद' असं लिहिलं. जाताना म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको. तुझी काही चूक नाही." चूक असती तर दंड भरून सुटता आलं असतं, हे नबीलालला त्यांना सांगायचं होतं, पण ते सायकलवर बसले होते.

पहिल्या एप्रिलला तो झेंडीगेटाला गेला. पोतं अंथरलेलं होतं. उस्तादांनी पुढ्यात एक अर्धवट झालेली पेटी सरकवली आणि म्हणाले, "बिजागरी लावायची राहिलीय." दीड वर्ष तो जणू पाणी प्यायला उठला होता.

पेट्या घरी आल्या. दोन खोल्यांत अठ्ठेचाळीस पेट्या मावत नसतात. त्यांच्यातच राहायची सवय करावी लागते. पहिले काही महिने शरिफाने त्यांना हात लावला नाही. मग रेशनची ज्वारी ठेवायला जागा नव्हती म्हणून एक उघडली. मग दुसरी. वर्षभरात घरातलं सगळं त्यांच्यात गेलं. नावं समोरच असल्यामुळे खुणेला दुसरं काही लागत नसे.

"तूर कुटंय गं?"

"सूर्यभानमधी. आन् बन्सीतलं मीठ आना येताना."

गोरक्षनाथात मिरच्या होत्या. हवालदार कारभारीत गोधड्या. शेजारणी हसायच्या. शरिफाही हसायची, पण कुणी पेटीवर बसायला लागलं की म्हणायची, "तिथं नको, खाली बसा."

अण्णांची वही चालूच होती. आता ते कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला सल्ला देत होते.

लढाई संपली. शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात एका दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. साध्या धोतरात होता, म्हणून नबीलालने आधी ओळखला नाही.

"मिस्त्री, दुकानात गेल्तो. तिथं तर पानपट्टी हाय. लोकांनी हितं धाडलं." तो आत आला, चप्पल काढली. "माजी पेटी ऱ्हायलीय तुमच्याकडं. चोरकप्प्याची."

गहिनीनाथमध्ये ज्वारी होती. शरिफाने ती परातीत आणि आपल्या ओढणीत काढायला घेतली. नबीलालने पेटी फडक्याने पुसली, तळ उघडून दाखवला. गहिनीनाथाने सदऱ्याच्या आतून पत्रांचा गठ्ठा काढला, घामाने मऊ झालेला, आणि कप्प्यात ठेवून बघितला. बरोबर बसला.

"पैसे त्या वक्ताला ठरलेले तेच ना?"

"तेच."

पैसे देऊनही तो उठला नाही. भिंतीला लावलेल्या पेट्यांकडे बघत होता. मग उठला आणि पहिल्या पेटीवर हात ठेवला.

"ही कुनाची?"

"बन्सीची."

"हाय. गावी हाय. लगीन झालं त्याचं." हात पुढच्या पेटीवर गेला. "ही?"

"गोरक्षनाथ."

"हाय. येक पाय गेला, पर हाय."

"ही हवालदारांची."

गहिनीनाथाने त्या पेटीवरून हात काढला आणि पुढच्या पेटीवर ठेवला. "ही?"

"सूर्यभान."

तो काही बोलला नाही. हात पुढच्या पेटीवर गेला.

असा तो सगळ्या खोलीभर फिरला. नबीलाल नाव सांगत गेला. कुठे 'हाय' आलं, कुठे काही आलं नाही, हात नुसता पुढे सरकला. कुठे आलं नाही ते नबीलालने विचारलं नाही. भोकं पडलेली पेटी आली तेव्हाही काही आलं नाही. शरिफा परात धरून उभी होती.

"अजून येक काम हुतं," दाराशी जाऊन गहिनीनाथ म्हणाला. "भैनीचं लगीन हाय. अशीच येक पायजे. तुमच्याच हातची."

"माझं दुकान न्हाई आता. उस्तादांकडं बसतो."

"कुटं बी बसा. हात तर तुमचाच हाय."

"नाव काय घालू भैनीचं?"

गहिनीनाथाने वळून भिंतीजवळच्या पेट्यांकडे बघितलं.

"नाव नगं," तो म्हणाला. "कोरी ऱ्हाऊ द्या."

अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांनी वही मागवली. 'संतुष्ट गिऱ्हाईक तीन वर्षांनीसुद्धा परत येते आणि येताना दुसरे काम आणते,' असं लिहून त्याखाली रेघ मारली. "तुला म्हटलं होतं की नाही?" ते म्हणाले. नबीलाल म्हणाला, "म्हटलं हुतं, अण्णा." अण्णांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी शरिफाने सूर्यभानमधली तूर पिशवीत काढली आणि पेटी धुऊन उन्हात ठेवली. हवालदारांच्या पेटीतल्या गोधड्याही काढल्या. संध्याकाळपर्यंत बऱ्याच पेट्या रिकाम्या झाल्या आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. नबीलाल वाट काढत आत आला.

बहिणीची पेटी त्याने झेंडीगेटाला, पोत्यावर बसून केली. जीव ओतून केली. कडी मात्र सूर्यभानसारखी डावीकडे नाही, उजवीकडे बसवली. मधल्या वर्षांत उस्तादांनीही टिंबांनी नाव घालायची पद्धत उचलली होती आणि ती चांगली चालत होती. फक्त ते पैसे हातात पडल्यावर नाव घालायचे.

"नब्या, नाव काय घालायचंय यावर?" उस्तादांनी पान लावता लावता विचारलं.

"नको म्हणालाय. कोरी."

"बरंय. मग शिक्का मार आणि ठेव बाजूला."

नबीलालने झाकण उघडून आतल्या कोपऱ्यात चंद्र ठोकला.